भरतकामावर नाव कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी लंडनला मुलीकडे पाच महिने राहून आले, तेव्हापासून जी भेटते ती विचारते, "तिकडे काय काय पाहिलेत?" राजवाडे, पूल वगैरे दोन दिवसांत उरकले. उरलेला बहुतेक वेळ मी एका जुन्या चळवळीचा अभ्यास करण्यात घालविला. चिटणीसताईंची आज्ञा झाली की, त्याविषयीच बोला. विषय आपल्या भरतकामाच्या वर्गाशी जवळचा आहे, म्हणून धीर केला.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात कारखाने वाढले. माल स्वस्त झाला, परंतु करणाऱ्या माणसाच्या वाट्यास दिवसभर एकच लहानसे काम आले. वस्तू कशी दिसावी हे एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने नुसते हात चालवायचे. ह्याविरुद्ध जे उभे राहिले, त्यांत विल्यम मॉरिस (1834–1896) प्रमुख होते. ते कवी होते आणि नक्षीकारही. 1861 साली त्यांनी मित्रांबरोबर कंपनी काढली व तेथे पडदे, भिंतीचे कागद, भरतकाम करवून घेऊ लागले. 1875 साली हे गृहस्थ लीक नावाच्या गावी थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत जाऊन रंगकाम शिकले, आणि निळीने हात निळे करून बसले. हीच चळवळ पुढे 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. काम करणाराला कामात आनंद मिळावा आणि वस्तूत त्याची बुद्धी दिसावी, हे तिचे मुख्य म्हणणे.

ह्या वॉर्डल यांचे आपल्याशीही नाते आहे. हिंदुस्थानातील टसर रेशीम सहजी रंग धरत नसे. वर्षानुवर्षे खटपट करून त्यांनी त्यावर रंग चढविला. 1885 साली ते रेशमासाठी स्वतः आपल्या देशात आले. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर जे कोसे होतात, त्यांचे रेशीम ते हेच.

पण मला खरे आवडल्या त्या त्यांच्या पत्नी, एलिझाबेथबाई. मोठा संसार सांभाळून 1879 साली त्यांनी लीक गावात बायकांचे भरतकाम मंडळ काढले. आपल्यासारखेच म्हणा ना! 1885 साली ह्या मंडळाने एक धाडस केले. 1066 सालच्या लढाईची हकीगत भरलेला एक प्राचीन पट फ्रान्समध्ये बायो येथे आहे. तो सुमारे 70 मीटर लांब. त्याची जशीच्या तशी नक्कल सुमारे पस्तीस बायकांनी वर्षभरात भरून काढली. ती आज रेडिंग गावच्या संग्रहालयात आहे. मुलीने मला तेथे नेले तेव्हा मी पट पाहिला, पण नजर खाली खिळली. ज्या बाईने जो भाग भरला, त्याखाली तिचे नाव टाक्यांनी भरलेले आहे.

एक गंमत सांगते. मूळ पटात काही पुरुष उघडे आहेत. नकलेत त्यांना चड्ड्या आहेत. लोक म्हणत, लीकच्या बायका लाजाळू! वास्तविक त्यांना नमुन्यासाठी जी छायाचित्रे मिळाली, त्यांतच लंडनच्या संग्रहालयात चड्ड्या चढविल्या होत्या. नमुना दुसऱ्याने ठरविला आणि हसू मात्र भरणारणीचे झाले.

मॉरिस यांच्या कन्या मे ह्यांनी 1885 साली, तेविसाव्या वर्षी, कंपनीचा भरतकाम विभाग हाती घेतला. त्यांच्या काही नक्षी पुष्कळ काळ वडिलांच्या म्हणूनच ओळखल्या गेल्या. चळवळीतल्या पुरुषांनी 1884 साली कारागिरांचा जो संघ स्थापला, त्यात बायकांना प्रवेश नव्हता. तो मिळाला 1964 साली. तेव्हा मेबाईंनी 1907 साली बायकांचा वेगळा संघ उभा केला. माणसाच्या हाताचा मान राखू म्हणणाऱ्यांनाही बाईचा हात दिसला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक उणीव होती. हातच्या मालाला मजुरी योग्य द्यावी तर किंमत वाढे, आणि घेणारे श्रीमंतच उरत. मॉरिस यांना स्वतःलाही हे फार सले. म्हणून यंत्र वाईट आणि हात चांगला, असे मी म्हणणार नाही. आपल्या शिवणवर्गात यंत्रे आहेतच.

आता आपल्या घरचा प्रश्न. एका व्यापाऱ्याकडून तोरणांची मोठी मागणी आली आहे. नगावर मजुरी, नमुना त्याचा, चिठ्ठी त्याच्या दुकानाची. कित्येक भगिनी म्हणतात, घ्यावी. त्यांचे चूक नाही. आपल्या भाईंदरात किती बायका घरी बसून नकली दागिन्यांना खडे चिकटवितात आणि त्यावर मुलांची फी भरतात, हे मी जाणते. घरभाडे थांबत नाही. परंतु सांगेल तो दर घेऊन बसू नये, एवढे माझे म्हणणे आहे.

माझी सूचना अशी. आपल्यापैकी तिघींनी घड्याळ लावून एकेक तोरण करावे. एकीचा हात जलद, दुसरीचा सावकाश, तिसरीचा मध्यम असा निवडावा. तासांची सरासरी काढून त्यावर दर ठरवावा आणि मग व्यापाऱ्याशी बोलावे. तो दर त्याला परवडला तर काम घेऊ. न परवडला तर का परवडत नाही, ते आपल्याला कळेल. दुसरे, दिवाळीच्या प्रदर्शनासाठी निम्मा वेळ राखून ठेवावा. तेथे नमुना आपला असावा, आणि प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असावी. करणारीचे नाव, गाव भाईंदर की मीरारोड, आणि लागलेले तास. किंमत जास्त का, हे घेणारणीला मग वेगळे सांगावे लागणार नाही.

ज्यांना पैशाची निकड आहे, त्यांनी आधी बोलावे आणि आम्ही ऐकावे, अशी विनंती करते. पुढल्या सभेत ह्यावर हात वर करून निर्णय घ्यावा.