शाखा निवडायची कशी?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक हिशेब सुरू होतो. टक्के भरपूर तर सायन्स, बरे असले तर कॉमर्स, नाहीतर आर्ट्स. पोराला काय आवडतं, हे त्या हिशेबात कुठेच नसतं. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, कोरचीकडे तर टक्केही मागे पडतात. वसतिगृहात जागा कुठे मिळाली आणि तिथल्या कॉलेजात कोणती शाखा आहे, यावर पुढची दोन वर्षं ठरतात. मग आपण शिक्षक तक्रार करतो की पोरं वर्गात टिकत नाहीत. माझं म्हणणं असं की, विषय निवडता येण्याआधी तो मुलाला स्वतःच्या जगण्यात भेटायला हवा, आणि ती भेट घडवणं हे शिक्षकाचं काम आहे.

तेंदूपत्त्याचंच घ्या. मे महिन्यात अख्खं घर पहाटे जंगलात जातं. मग घरी बसून पानं जुळवायची, ७० पानांचा एक पुडा बांधायचा, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. हजार पुड्यांची एक गोणी. अकरावीतली मुलगी हे लहानपणापासून करते आहे. तिच्यासमोर मागणी-पुरवठ्याचा आलेख काढलात, तर ती मुकाट्यानं वहीत उतरवून घेईल. त्याआधी विचारा, शेजारच्या गावाला गोणीमागे जास्त भाव का मिळाला? लिलाव ग्रामसभेनं केला की वनविभागानं? ठेकेदार किती आले होते? अवकाळी पाऊस झाला तर कोण बुडतं? घरी माडिया बोलणारं, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारं पोरगंही तेव्हा तावातावानं बोलू लागतं. आलेख त्यानंतर काढावा.

विषय असा जगण्यात भेटल्याचं उदाहरण आपल्या दारातलंच आहे, धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा गाव. तिथं गावकऱ्यांचे अभ्यासगट चालत आले. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत शेतकरी माणसं कायदा समजून घ्यायला बसली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. त्यांना ना परीक्षा होती, ना गुण. जंगल त्यांचं होतं, म्हणून कायदा त्यांचा विषय झाला. आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला मेंढा-लेखाचं नाव निघायलाच हवं.

आता निवडीचं. चंद्रपूरचा कोळसा आणि चुनखडी, सुरजागडचं लोहखनिज, सिरोंचाकडचे वडधमचे जीवाश्म. एवढं पोटात बाळगणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बारावीला भूशास्त्रही घेता येतं, हे किती पालकांना ठाऊक आहे? बोर्डाच्या विषयांत ते आहे. पण शिक्षक नाही म्हणून विषय नाही, विषय नाही म्हणून विद्यार्थी नाही, आणि विद्यार्थी नाही म्हणून शिक्षक नाही. हे कोडं संस्थाचालकांनी सोडवायचं आहे, सोळा वर्षांच्या पोरानं नव्हे.

तोवर हातात आहे ते वापरू. ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय तिन्ही शाखांना आहे, त्याला प्रकल्पही आहे. तो एकमेकांच्या वहीतून उतरवण्याऐवजी प्रत्येकानं आपापल्या गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव घ्यावा. पाळ कुठे फुटली, गाळ किती साचला, पूर्वी किती बांध्यांना पाणी पुरायचं, आज किती धान त्यावर पिकतो, हे म्हाताऱ्यांना विचारून, मोजून लिहावं. आणि ती वही कॉलेजात जमा करण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवावी.