रक्ताची साक्ष आणि स्वादुपिंडाचा दाह



स्वादुपिंडाचे नाव आपल्या कानांवर येते ते बहुधा मधुमेहाच्या निमित्ताने. जठराच्या मागे आडवा पडलेला, वीतभरही लांब नसलेला हा अवयव इन्शुलिन तर तयार करतोच. पण त्याखेरीज अन्न पचवणारे जहाल रस तयार करून ते लहान आतड्यात सोडतो. पिठूळ पदार्थ फोडणारे अमायलेज, स्निग्ध पदार्थ फोडणारे लायपेज आणि प्रथिने फोडणारे ट्रिप्सिन. यांतले ट्रिप्सिन एवढे तिखट की, आतड्यात पोचेपर्यंत ते निद्रिस्त राहील अशी व्यवस्था निसर्गाने केलेली आहे. पित्ताशयातला खडा वाटेत अडकला, मद्याचा मारा झाला किंवा रक्तातील चरबी बेसुमार वाढली, म्हणजे ही व्यवस्था मोडते. रस जागच्या जागीच जागे होतात आणि पिंड स्वतःलाच पचवू लागते. हा आत्मपचनाचा विचार प्राग येथील हान्स किआरी यांनी १८९६ साली मांडला.

अशा रुग्णाला बेंबीच्या वर, थेट पाठीत जाणारी कळ येते. ओकाऱ्या थांबत नाहीत. घरात मात्र 'वायू धरला' म्हणून ओवा आणि सोडा यांत रात्र निघून जाते! रुग्णालयातल्या डॉक्टरांपुढेही कोडे असतेच. कारण हृदयविकाराचा झटका, फुटलेला जठरव्रण आणि पित्ताशयाची सूज यांची कळही याच जागी येऊ शकते. म्हणून आधी हृदयाचा आलेख काढतात आणि सोबत रक्त घेतात.

रक्तातील अमायलेज मोजून हा रोग ओळखता येतो, हे अमेरिकेत रॉबर्ट एल्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ साली दाखवून दिले. त्यात अडचण अशी की, अमायलेज लाळग्रंथींतूनही येते. गालगुंड झालेल्या मुलाच्या रक्तातही ते वाढलेले सापडते. शिवाय ते तीन ते पाच दिवसांत ओसरते, तेव्हा उशिरा आलेला रुग्ण निसटू शकतो. लायपेज अधिक दिवस टिकते आणि स्वादुपिंडाकडे अधिक नेमकेपणाने बोट दाखवते. २०१२ साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणानुसार तीनपैकी दोन खुणा जुळल्या म्हणजे निदान पक्के: विशिष्ट कळ, कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट लायपेज किंवा अमायलेज, आणि सोनोग्राफी वा सीटी स्कॅनमधला पुरावा. कळ आणि रक्त यांचीच साक्ष पटली तर पहिल्या दिवशी स्कॅनची घाई करण्याचे कारण नाही.

आता मुख्य गोष्ट. 'लायपेज दोन हजार आले, आता कसे होणार?' असे नातेवाईक धास्तावून विचारतात. दुसऱ्या दिवशी आकडा निम्म्यावर आला की सुस्कारा टाकतात. ही भीती व्यर्थ, आणि तो सुस्काराही व्यर्थ! कोठाराची भिंत फुटली हे रस्त्यावर सांडलेल्या धान्यावरून कळते. आत आग किती पसरली ते त्यावरून कळत नाही. लायपेज हजारोंनी वाढलेला रुग्ण चार दिवसांत घरी जातो, आणि तिपटीच्या जेमतेम वर असलेला अतिदक्षता विभागात पोचतो. म्हणूनच एकदा निदान झाल्यावर तो आकडा रोज मोजत बसण्यात अर्थ नाही.

धोका सांगतात त्या साध्या तपासण्या. दाहामुळे रक्तवाहिन्यांतले पाणी झिरपून बाहेर जाते आणि रक्त दाट होते. रक्तातील पेशींचे प्रमाण ४४ टक्क्यांच्या वर असले आणि सलाइन देऊनही चोवीस तासांत उतरले नाही, तर डॉक्टर सावध होतात. युरिया चढत असेल तर अधिकच. कॅल्शियमची गोष्ट तर विलक्षण आहे: लायपेज पोटातली चरबी फोडते, त्या आम्लांशी कॅल्शियमचा संयोग होऊन चक्क साबण तयार होतो, आणि रक्तातले कॅल्शियम घटते. यकृतात तयार होणारे सीआरपी मात्र सावकाश वाढते. ४८ तासांनी ते लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर असणे हे गंभीर लक्षण. पहिल्या तासातल्या सीआरपीवरून काहीच अनुमान काढू नये.

सुदैवाने बहुसंख्य रुग्णांचा आजार सौम्यच असतो. बाकीच्यांसाठी नाडी, श्वास आणि लघवीचे माप ही रक्ताइतकीच मोलाची साक्ष. सलाइनही बेताने द्यावे लागते; भरमसाट सलाइनाने लाभ न होता अंगात पाणीच साचते, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'वॉटरफॉल' या चाचणीत दिसून आले.

रक्त आणखी एक गोष्ट सांगते. यकृताचे एएलटी सुरुवातीलाच १५०च्या वर गेले असेल, तर बहुधा खडाच गुन्हेगार. मग सोनोग्राफीने तो शोधायचा आणि आजार सौम्य असल्यास, रुग्ण घरी जाण्यापूर्वी, त्याच मुक्कामात पित्ताशय काढून टाकायचे. 'बरे वाटतेय, पुढे बघू' म्हणून घरी गेलेल्यांपैकी अनेकांना तीच कळ पुन्हा रुग्णालयात घेऊन येते.