विंचुर्णीचा दर्यावर्दी

(ताथवडे येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

ताथवड्याहून समुद्र गाठायचा तर अख्खा सह्याद्री उतरावा लागतो. नौदल मात्र त्या मानाने शेजारीच आहे. जुन्या मुंबई रस्त्याने घाटमाथ्यावर गेलं की लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’ लागतं. 1945 पासून नौदलाचे इंजिनिअर तिथे घडतात. दुसऱ्या अंगाला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. या एनडीएचे एके काळचे कमांडंट, व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी, निवृत्तीनंतर राहायला गेले तेही समुद्राकडे पाठ करूनच: फलटणजवळच्या विंचुर्णीत. आयुष्यातलं सगळ्यात चिवट काम त्यांनी केलं ते तिथे बसून, अंगावर वर्दी नसताना.

नौदलप्रमुखांच्या यादीत मराठी नावं आहेत. भास्कर सोमण 1962 ते 1966 या काळात प्रमुख होते, जयंत नाडकर्णी 1987 ते 1990. आवटी त्या खुर्चीपर्यंत पोचले नाहीत. 1945 मध्ये ते नौदलात दाखल झाले, इंग्लंडमध्ये डार्टमथला शिकले आणि संदेशवहन हा त्यांचा खास विषय झाला. पुढच्या बढत्या आणि नेमणुका अशा कारकिर्दीत होतात तशा झाल्या. थांबायला हवं ते 1971 च्या युद्धापाशी.

त्याआधीच्या, म्हणजे 1965 च्या युद्धात दिल्लीने नौदलाचे हात बांधून ठेवले होते. पोरबंदरच्या उत्तरेला जायचं नाही, असा हुकूम होता आणि तो सोमणांना पाळावा लागला. ती सल सहा वर्षं मुरली होती. 1971 मध्ये कॅप्टन आवटी पूर्वेच्या ताफ्यात ‘कमोर्ता’वर होते, 31 व्या गस्ती नौकांच्या स्क्वॉड्रनचे वरिष्ठ अधिकारीही तेच. विमानवाहू ‘विक्रांत’वरून उडणारी विमानं चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले करत होती. पण ‘विक्रांत’च्या चार बॉयलरपैकी एक निकामी होता, त्यामुळे पुरता वेग मिळत नव्हता. अशा जहाजाला पाणबुडीपासून जपणं हे ‘कमोर्ता’सारख्या छोट्या नौकांचं काम. बंगालच्या उपसागरात ते सोपं नाही. वरचं पाणी कोमट, खालचं गार. दोन थरांच्या सीमेवर पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्रणेचा आवाज वाकतो आणि पाणबुडी खाली असूनही ऐकू येत नाही. शिवाय ‘कमोर्ता’ आणि तिच्या भगिनी-नौका सोव्हिएत बनावटीच्या, थंड समुद्रासाठी आखलेल्या. त्या युद्धातल्या कामगिरीबद्दल आवटींना वीरचक्र मिळालं.

पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून 1983 मध्ये ते निवृत्त झाले. निवृत्त ॲडमिरलसाठी एक मळलेली वाट असते: एखाद्या कंपनीचं संचालकपद, क्लब, अधूनमधून वर्तमानपत्रात लेख. आवटींना भलतंच वेड होतं. एका भारतीयाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी.

या वेडाला मुंबईचा एक धागा होता. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने 1968-69 मध्ये जगात पहिल्यांदा एकट्याने, कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. त्याची ‘सुहैली’ ही 32 फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली. म्हणजे बोट आपली होती, कारागीर आपले होते. माणूस तेवढा आपला नव्हता.

आवटींनी नौदलाच्या गळी ही कल्पना उतरवली. आता हुकूम सोडायचा अधिकार नव्हता, म्हणून पटवत राहायचं. स्वयंसेवक हवा म्हटल्यावर 2006 मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. त्यांनी उमेदवारी केली ती थेट नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली. बोट बांधायला घेतली रत्नाकर दांडेकरांनी, गोव्यात दिवाडी बेटावर. आराखडा डच, लांबी 56 फूट. आत सीडरच्या लाकडाच्या पट्ट्या, त्यावर काचतंतूंचं कापड आणि रेझिन. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये फायबरची कामं करणाऱ्यांना यातली गोम लगेच कळेल: रेझिन नीट भिनलं नाही, थरांत हवेचा एक फुगा राहिला, तर ती जागा कच्ची. इथे पार्ट रिजेक्ट करता येतो. केप हॉर्नजवळ, 56 अंश दक्षिणेला, ते जमत नाही.

बोटीचं नाव ‘म्हादेई’. गोव्याच्या नदीचं, आणि बोटवाल्यांच्या देवीचंही.

19 ऑगस्ट 2009 रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन असे चार थांबे घेऊन मे 2010 मध्ये ते परतले. एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमी त्याच ‘म्हादेई’वरून निघाले, 1 नोव्हेंबर 2012 रोजी, आणि कुठेही न थांबता पाचेक महिन्यांत परत आले. 2017 मध्ये दांडेकरांच्याच ‘तारिणी’वरून वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी निघाल्या, मे 2018 मध्ये सहाही जणी गोव्याला पोचल्या. नौदलाच्या कारभारात एका निवृत्त माणसाची हौस इतकी टिकावी, हे मला युद्धातल्या पदकाइतकंच मोलाचं वाटतं.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. टॉमींनी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी ‘सुहैली’ची प्रतिकृती गोव्यात बांधून घेतली, ‘तुरीया’. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि एका फ्रेंच नौकेने त्यांना उचललं. बोट तिथेच सोडावी लागली. त्यानंतर सहाएक आठवड्यांनी, 4 नोव्हेंबर 2018 रोजी, आवटी वारले. वय 91.

टॉमी पुन्हा उभे राहिले. तीच शर्यत दुसऱ्या बोटीतून लढून 2023 मध्ये त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. ऑक्टोबर 2024 मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघाल्या. या वेळी बोटीवर दोघीच होत्या, आणि मे 2025 अखेर त्या प्रदक्षिणा पुरी करून परत आल्या.