गाडी सुटण्याआधीचे तास

(मंडळाच्या कामगार मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला 'माल पोहोचविणाऱ्या वाहनचालकांचे प्रश्न' हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे. लायसन्स, विमा, दंडाच्या पावत्या, पेट्रोल-डिझेलचा खर्च, अशा एकेका गोष्टीवर तासभर बोलता येईल. परंतु आम्ही आज एकच प्रश्न घेऊन उभे आहोत. चालकाचा कामाचा दिवस नेमका केव्हा सुरू होतो?

प्रश्न साधा वाटतो. पण आपल्या वस्त्यांतील जी मुले आज कुरिअरचे टेम्पो, घरपोच मालाच्या व्हॅन चालवितात, त्यांना विचारून पाहा. कागदावर ड्युटी नऊची असते. गोदामावर हजर राहायचे मात्र सातला. तेथे गेल्यावर आधी रांग. मग आपल्या भागाचे नग ढिगातून वेगळे काढायचे, एकेकाचे स्कॅनिंग करायचे, कोणता पत्ता आधी आणि कोणता नंतर हे पाहून गाडीत माल उलट्या क्रमाने लावायचा, आदल्या दिवशीची रोकड भरून सही करायची, परत आलेले नग मोजून द्यायचे. एवढे झाल्यावर गाडी फाटकाबाहेर पडते, आणि मजुरीचा हिशेब तेथून सुरू होतो. ज्यांना नगामागे पैसे मिळतात त्यांचा तर पहिला नग ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत मीटरच चालू होत नाही.

या दोन तासांना काय म्हणायचे? कोणी म्हणतो 'तयारी', कोणी म्हणतो 'रिपोर्टिंग'. आम्ही त्याला वेठ म्हणतो. मालकाच्या जागेवर, मालकाच्या हुकमाखाली, मालकाच्या मालासाठी माणूस राबतो आणि त्याची मजुरी मिळत नाही, तर त्याला दुसरे नाव नाही.

आता थोडा हिशेब करू. समजा रोजचे दोनच तास असे गेले. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर ५२ तास झाले. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे साडेसहा दिवस होतात. वर्षाचे तास ६२४, म्हणजे ७८ दिवस. तात्पर्य, असा चालक वर्षातून अडीच महिन्यांहून अधिक काळ फुकट काम करतो. आपल्या खिशातून कोणी अडीच महिन्यांचा पगार काढून घेतला तर आपण पोलीस ठाण्यात जाऊ. पण तोच पगार रोज दोन-दोन तासांनी गेला तर आपल्याला तो गेल्याचे कळतही नाही.

बंधूंनो, हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. दक्षिण कोरिया या देशात घरोघर पार्सले पोहोचविणाऱ्या चालकांनी याच प्रश्नावर मोठी लढाई दिली. ती आपण नीट समजून घेतली पाहिजे.

तेथील बहुसंख्य पार्सल-चालक कागदोपत्री कामगार नव्हेत, स्वतंत्र व्यावसायिक. गाडी त्यांची, करार स्थानिक एजन्सीशी आणि पैसे नगामागे. सकाळी ते केंद्रावर जात. तेथे मोठ्या गाड्यांतून आलेला माल फिरत्या पट्ट्यावर सोडला जाई. चालक त्या पट्ट्याच्या कडेला उभे राहून आपल्या भागाचे नग उचलून बाजूला काढीत. हे काम कित्येक तास चाले. पुष्कळांची गाडी दुपारीच रस्त्याला लागे, मग वाटप संपायला रात्र होई. निवडण्याच्या या कामाचे वेगळे पैसे नव्हते. कंपन्यांचे म्हणणे, हा वाटपाचाच भाग आहे, नगाच्या दरात तो आला. चालकांच्या संघटनेने त्याला सरळ शब्द वापरला: फुकटची मजुरी.

२०२० साली कोरोनाची साथ आली. लोक घरात बसले आणि पार्सलांचा पूर आला. त्या वर्षीच्या एका पाहणीत चालकांचा आठवडा सरासरी ७० तासांच्या वर गेल्याचे आढळले. त्याच वर्षात दहाहून अधिक पार्सल-कामगार मृत्यू पावले आणि संघटनांनी ते अतिश्रमाचे बळी असल्याचे सांगितले. अतिश्रमाने येणाऱ्या मरणाला कोरियन भाषेत 'क्वारोसा' असा स्वतंत्र शब्दच आहे. ज्या समाजाला अशा मरणासाठी शब्द घडवावा लागतो, त्या समाजात कष्टकऱ्याची काय दशा झाली असेल, याचा विचार करा.

सप्टेंबर २०२० मध्ये, त्यांच्या चुसोक या मोठ्या सणाच्या तोंडावर, सुमारे ४,००० चालकांनी जाहीर केले की आम्ही माल पोहोचवू, पण निवडण्याचे काम करणार नाही. मागणी काय होती ते लक्षात घ्या. त्यांनी वाटप बंद केले नाही. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत तेवढेच काम थांबवू, असे ते म्हणाले. सरकार आणि कंपन्यांनी जादा माणसे देण्याचे आश्वासन दिले, तेव्हा ते पाऊल मागे घेण्यात आले. परंतु मृत्यू थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये सी.जे. लॉजिस्टिक्स या तेथील त्या वेळच्या सर्वांत मोठ्या पार्सल कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि मालाच्या निवडीसाठी एकूण ४,००० माणसे लावण्याचे कबूल केले.

पुढे २१ जानेवारी २०२१ रोजी सरकार, कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. माल निवडणे हे चालकाचे मूळ काम नाही, त्याची जबाबदारी कंपनीची, आणि नाइलाजाने चालकाने ते केलेच तर त्याचे पैसे द्यावेत, असे त्यात ठरले. आठवड्याला जास्तीत जास्त ६० तास अशी मर्यादाही आली. त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा संप करावा लागला, तेव्हा दुसरा करार होऊन १ जानेवारी २०२२ पासून चालकांना या कामातून पूर्ण मोकळे करण्याचे ठरले. त्यासाठी दर नगामागे लागणाऱ्या जादा खर्चाचा आकडाही बांधला गेला, तो १७० वॉन. पण वाढवून घेतलेला दर कोणाच्या खिशात गेला, यावरून २८ डिसेंबर २०२१ ला सी.जे. लॉजिस्टिक्सच्या चालकांनी परत संप पुकारला. तो २ मार्च २०२२ पर्यंत चालला. म्हणजे करारावर सही झाल्याने लढा संपत नाही. सहीनंतर तो राखावा लागतो.

आता आपल्याकडे वळू. कोणी म्हणेल, परदेशात असेल, आपल्याकडे कायदाच नाही. हे खरे नाही.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली झाला. त्यात कामाचे तास म्हणजे काय, याची व्याख्या आहे. कामगार जेवढा वेळ मालकाच्या ताब्यात असतो तो कामाचा वेळ. गाडी धावते तो वेळ त्यात आलाच, पण 'पूरक काम'ही त्यात येते. आणि पूरक काम कोणते? हिशेब लिहिणे, रोकड भरणे, रजिस्टरवर सह्या करणे, गाडी ताब्यात घेणे व जागेवर लावणे, तिची निगा राखणे, आणि माल चढविणे व उतरविणे. ही यादी साठ वर्षांहून जुनी आहे, परंतु आजच्या गोदामात पहाटे उभे राहून कोणी लिहिली असावी इतकी ती तंतोतंत आहे. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे ४८, आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर, असा तो कायदा होता.

हा कायदा आता स्वतंत्रपणे राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन झाला. मोटार कामगाराच्या तासांत पूरक काम धरायचे, हे तत्त्व नव्या संहितेतही आहे. पण एक फरक ध्यानात ठेवा. जुना कायदा पाच मोटार कामगार असलेल्या ठिकाणी लागू होत असे. नवी संहिता सर्वसाधारणपणे दहा कामगारांपासून लागू होते. सात-आठ टेम्पोवाला ठेकेदार या फरकाने बाहेर राहू शकतो. शिवाय ज्याला मोबाइलवरील ॲपवरून काम मिळते त्याला 'गिग कामगार' असे नाव देऊन सामाजिक सुरक्षेच्या संहितेत बसविले आहे. तेथे विमा आणि कल्याण निधीची भाषा आहे, तासांची नाही. तेव्हा व्याख्या पुस्तकात आहे आणि माणूस व्याख्येबाहेर आहे, अशी स्थिती होऊ नये यासाठी जागे राहावे लागेल.

आपल्या महाराष्ट्राला तर माल चढविण्या-उतरविण्याच्या कामाची किंमत सांगण्याची गरजच नाही. १९६९ चा माथाडी कायदा याच राज्याचा. हमालीला दर असतो, हमालाचे मंडळ असते, हे आपल्याकडे बाजारातील लहान पोरालाही माहीत आहे. मग तेच पोते, तोच खोका हमालाने उचलला तर मजुरी आणि चालकाने उचलला तर तयारी, हा कोणता न्याय?

दिवस केव्हा सुरू व्हावा, हा प्रश्नही या मातीत नवा नाही. १८८४ साली मुंबईत रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पंधरा तारखेपर्यंत, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, अशा त्या सभांच्या मागण्या होत्या. दिवसाला आरंभ आणि शेवट असला पाहिजे, हे त्यांनी १४० वर्षांपूर्वी ओळखले होते. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. सहा तास कमी झाले, ते आकाशातून पडले नाहीत. आज आपलीच मुले आठवड्याला बारा तास न मोजता परत देत असतील, तर मिळविलेले आपण गमावीत आहोत.

येथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ठेकेदार हा आपल्यातलाच असतो. कर्ज काढून त्याने तीन-चार टेम्पो घेतलेले असतात. त्यालाही वरून नगामागेच पैसे मिळतात. तो म्हणतो, मला सकाळच्या तासांचे कोणी देत नाही, मी कोठून देऊ? त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणून केवळ त्याच्याशी भांडून भागणार नाही. कोरियातील करारात जबाबदारी कंपनीवर टाकली गेली आणि खर्च नगाच्या दरात मोजला गेला. आपल्याकडेही चालक आणि छोटा ठेकेदार यांनी एकत्र बसून वरच्या कंपनीकडे मागितले पाहिजे की, माल निवडण्याचे आणि भरण्याचे तास दरात धरा.

दुसरा प्रश्न जिवाचा आहे. पहाटे साडेचारला उठलेला मुलगा रात्री आठला स्टिअरिंगवर असतो. त्याला डुलकी लागली तर तो जातो, आणि रस्त्यावरचा दुसराही जातो. फुकट गेलेल्या दोन तासांची किंमत पैशांतच फिटते असे समजू नका.

भीतीही आम्ही जाणतो. बोललो तर उद्या रूट दुसऱ्याला देतील, ही भीती प्रत्येकाच्या मनात आहे, आणि ती खरी आहे. एकटा बोलला तर त्याचा रूट जाईल. म्हणून पहिले पाऊल एकट्याने बोलण्याचे नाही, सर्वांनी लिहिण्याचे आहे. दोन रुपयांच्या पेनने, साध्या वहीत, रोज चार वेळा लिहा: फाटकात आलो किती वाजता, माल भरून झाला किती वाजता, पहिला नग दिला किती वाजता, रोकड भरून सुटलो किती वाजता. हजर राहण्याचे जे संदेश मोबाइलवर येतात ते पुसू नका. पगाराच्या चिठ्ठ्या जपा. एका गोदामावरच्या पंधरा जणांच्या वह्या महिन्याभराने एकत्र ठेवल्या की ती तक्रार राहत नाही, तो पुरावा होतो. तो घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सर्वांनी मिळून जाता येते.

मंडळाला आमची विनंती आहे की, आपल्या सभागृहात महिन्यातील एक रविवार या कामासाठी द्यावा. शिकलेल्या मुला-मुलींनी चालकांच्या वह्या तपासून तासांची बेरीज करून द्यावी. ज्यांना कायद्याचे ज्ञान आहे त्यांनी अर्ज लिहून द्यावेत. आणि माता-भगिनींना सांगणे असे की, मुलगा घरातून किती वाजता निघाला हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. घड्याळ पाहा आणि वहीत लिहिले की नाही, ते त्याला विचारा.

ज्याने वेळ मोजली त्यालाच वेळेची किंमत मागता येते. आजपासून मोजायला लागू या.

जयभीम!