गोधडीचे पोट

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील माता-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी दिलेले व्याख्यान)



घरच्या घरी गोधडी कशी शिवावी, या विषयावर मी बोलणार असे कळल्यावर काहींना नवल वाटले असेल. शाळेत शिवणाच्या बाई असताना मुख्याध्यापिकेने सुईदोऱ्यावर का बोलावे? कारण असे की, गेल्या काही वर्षांत आपल्या शाळेतील गोधड्यांसंबंधी पालकांनी मला जे प्रश्न विचारले, ते टाक्यांचे नव्हते. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवावेत का, आणि ठेवलेच तर ते लेकराच्या अंगावर पांघरूण म्हणून घालावेत का, हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा आला. त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझ्या माहेरापर्यंत जावे लागेल.

माझे माहेर काशीचे. मणिकर्णिकेवरून उत्तरेकडे निघाले की शिंदे घाट लागतो आणि त्याला लागूनच संकठा घाट. वर संकठा देवीचे देऊळ आहे. थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, आणि त्याहीपुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट ही मराठी माणसांची जुनी वस्ती. संकठा घाटावरच्या आमच्या घरी महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू उतरत. पौष-माघात गंगेवरून येणारा वारा दगडी भिंतींतून आत शिरावा इतका बोचरा असतो. कापसाच्या रजया मोजक्या असत. त्यामुळे यात्रेकरूंसाठी माळ्यावर गोधड्यांची चवड रचलेली असे. ती सारी माझ्या आजीच्या हातची.

आजीच्या शिवणाचे गणित सोपे होते. नऊवारी लुगड्याची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याची चार पदरी घडी घातली की दोन मीटरांहून थोडे लांब आणि लुगड्याच्या पन्हाइतके रुंद असे पांघरूण तयार होते. एका माणसाला पुरेल इतके, न कापता, न जोडता. हीच चौघडी. लुगडे आधीच इतक्या धुण्यांनी मऊ झालेले असे की नव्या कापडाने ते सुख कधी मिळायचे नाही. वरच्या थराला जिथे विरलेले असेल तिथे ती ठिगळ लावी, आणि ठिगळ लावायचेच तर ते सरळ का लावावे, म्हणून त्याचे पान, चांदणी, करंजी असे काही करी. कडा पाव इंच आत दुमडून बारीक टाक्यांनी आकार बसवायचा. शिवणाच्या पुस्तकात यालाच अ‍ॅप्लिक म्हणतात. तुकडे एकमेकांना जोडून सबंध थर तयार केला की ते पॅचवर्क. आजीला ही दोन्ही नावे ठाऊक नव्हती.

थर जमिनीवर अंथरून, हाताने सुरकुत्या काढून, चारी बाजूंनी लांब कच्चे टाके घालायचे. मग धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घालीत मधोमध यायचे. शिवणारी गोधडीवरच बसते आणि टाक्यांबरोबर सरकत जाते. शेजारच्या भोजपुरी बायका कथरी शिवीत, तीही जुन्या धोत्रांची आणि अशाच साध्या टाक्यांची. संस्कृतातली कन्था, बंगालातला कांथा, ही कथरी आणि आपली गोधडी यांचे गोत्र एकच. आपल्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंद' शिवतात. त्यांचीही सुई कोपऱ्यापासून निघते आणि कडेकडेने आत येते. चार कोपऱ्यांवर त्या रंगीत कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणांची 'फुले' बसवितात आणि त्यावाचून गोधडी उघडी राहिली असे मानतात.

बनारसी शालू मात्र आमच्या कोणत्याही गोधडीत नव्हता, हे ऐकून आमचे पाहुणे थक्क होत. घरापासून हाकेच्या अंतरावर रेशीम विकत होते! पण रेशीम थरातून निसटते, जर अंगाला टोचते. आणि जुनी जर वितळवून चांदी काढणारे लोक दारावर येत, त्यामुळे असले कापड माळ्यावर पोचतच नसे.

आमच्या गोधड्यांत कापड होते ते यात्रेकरूंचे. निघताना कोणी जुने लुगडे आजीच्या स्वाधीन करीत, कोणी धोतर, कोणी उपरणे. मी महाराष्ट्र पाहिला तो बारा वर्षांची झाल्यावर, पण त्याआधी मी तो पांघरला होता. हा लाल रेशमी काठाचा तुकडा इरकली, हा नागपुरी काठ, हे महेश्वरचे, हे सोलापूरच्या गिरणीचे, असे आजी बोट ठेवून सांगे. आणि प्रत्येक तुकड्यामागे एक माणूस असे. अमुक बाई पतीच्या अस्थी घेऊन आल्या होत्या. तमुक आजोबा काशीतच देह ठेवायचा म्हणून येऊन राहिले आणि तीन वर्षे जगले. भूगोलाच्या तासाला मला जिल्हे पाठ करावे लागले नाहीत, ते यामुळे.

आता मूळ प्रश्न. मणिकर्णिका इतकी जवळ असलेल्या घरात मृत्यूचे नियम काटेकोरच असणार. देहावर असलेले वस्त्र घरात परत येत नसे, त्याबद्दल दुमत नव्हते. पेटीतल्या कपड्यांबद्दल मात्र घाटावर दोन पक्ष होते. सगळे दान करून टाकावे, माणसाचा जीव कपड्यात अडकतो, असे एक पक्ष म्हणे. आजी दुसऱ्या पक्षाची. आजोबा गेले तेव्हा त्यांची नवी धोतरे तिने दान केली आणि नेसून नेसून विरलेली तेवढी ठेवली. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांची गोधडी शिवली आणि ती माझ्या धाकट्या भावाला दिली, तेव्हा नात्यातल्या एक काकू बऱ्याच बोलल्या. आजीने त्यांच्याशी वाद घातला नाही. भाऊ त्या गोधडीत झोपत राहिला.

मी स्वतः आजीच्या पक्षाची आहे, पण तो पक्ष इतरांवर लादावा असे मला वाटत नाही. 2021 च्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्या शाळेतल्या काही मुलांच्या डोक्यावरचे छत्र गेले. त्यातल्या एका मुलाने शिवणाच्या तासाला वडिलांचे खाकी सदरे पिशवीत आणले आणि त्यांचे काय करता येईल, असे बाईंना विचारले. आमच्या उपक्रमाची सुरुवात तीच. पाठीमागचा भाग हा सदऱ्यातला सर्वांत मोठा अखंड तुकडा. त्याचा मधला चौकोन केला. बाह्यांच्या पट्ट्या भोवती आल्या. झिजलेली कॉलर वगळली. खिसा मुलाने उसवू दिला नाही, म्हणून तो आहे तसा, तोंड उघडे ठेवून, चौकोनावर बसवला. त्यात तो आता काय ठेवतो, हे आम्ही कोणी विचारलेले नाही.

त्यानंतर अकरा गोधड्या झाल्या. बारावी अर्ध्यावर थांबली, कारण घरच्या आजींना ते मान्य नव्हते. तुकडे घडी घालून, इस्त्री करून परत पाठवले. मुलगी थोडी रडली. तरीही तोच निर्णय योग्य होता असे मला वाटते. ज्या घरात पांघरायचे त्या घराची संमती नसेल, तर ते पांघरूण ऊब देत नाही.

हल्ली छायाचित्रे छापलेल्या 'आठवणींच्या रजया' तयार मिळतात आणि लोक त्या भिंतीवर टांगतात. मला त्यांचे प्रेम नाही. छापलेल्या चेहऱ्यावर पाय पडेल म्हणून ती वापरताच येत नाही, आणि न वापरलेली गोधडी म्हणजे नुसते कापड. धुवावी, उन्हात घालावी, फाटली की वर नवा थर चढवावा. आमच्या घरच्या एका गोधडीत आईने असे तीन थर चढवले होते. आतले आजीचे टाके हाताला लागत.

तंत्राच्या दोन गोष्टी मात्र सांगते. पॉलिस्टरच्या साड्या आणू नका; त्या घाम शोषत नाहीत आणि थर एकमेकांवर ठरत नाहीत. टी-शर्टचे कापड ताणले जाते, त्याला मागून सुती अस्तर लावल्याशिवाय कापू नये. खालचा थर नव्या कापडाचा असेल तर ते आधी धुऊन आटवून घ्यावे. तुकडे उभ्या-आडव्या धाग्याला धरूनच कापावेत.

आणि एक रीत. शेवटचा कोपरा शिवण्याआधी आजी त्यात चार अक्षता घाली. गोधडीचे पोट रिकामे ठेवू नये, असे ती म्हणे. कीड लागेल, अशी शंका आपल्या विज्ञानाच्या सरांनी काढली, ती रास्त आहे; म्हणून आम्ही चारच दाणे घालतो, मूठभर नाही. ते दाणे मुलाने स्वतः घालायचे असतात.

येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता शिवणाच्या खोलीत पुढचे काम सुरू होईल. कपडे धुऊन आणावेत. ज्यांना धुववणार नाहीत, त्यांनी तसेच आणावेत. बटणे काढू नयेत. ती काढायला आपण सगळ्या मिळून बसू.