पाय दाखवावयास जाण्यापूर्वी
(शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



आवणीच्या दिवसांत आपल्या मावळातील माणसाचे पाऊल सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खाचरातल्या चिखलात असते. बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात. लोक त्यास दुखणे मानीत नाहीत, आणि पुष्कळदा त्यांचे बरोबरच असते. शिवाय जो पाय ठणकतो, तो घेऊन मनुष्य आज ना उद्या डॉक्टरांकडे जातोच. मला चिंता वाटते ती न दुखणाऱ्या पायाची.

डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा त्या काळी समज होता. त्यांनी दाखवून दिले की, मज्जातंतू निकामी होऊन वेदना नाहीशी होते आणि मग नकळत झालेल्या जखमा चिघळून बोटे जातात. मधुमेहातही पायाची हीच गत होऊ शकते. काटा मोडला तरी कळत नाही. पावसाळ्यात चुलीपुढे पाय शेकताना तळवा भाजला तरी मनुष्य तेथेच बसून राहतो. ‘दुखत नाही, मग कशास जावे?’ असे गावात कोणी आपणांस विचारील. जखम असून दुखत नाही, म्हणूनच जावयाचे, हे त्यास समजावून सांगा. पाय सुजला, काळा पडला अथवा ताप आला, तर त्याच दिवशी निघावयास हवे.

केवळ पायांचे तज्ज्ञ आपल्याकडे विरळा. म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे आणि तेथील चिठ्ठी घेऊन पुढे जावे. लोणावळ्याहून लोकलने पुणे स्थानकावर उतरले की ससून रुग्णालय जवळच आहे. सोबत चालू गोळ्यांची पाकिटे व साखरेच्या तपासणीचे कागद असावेत. जखम प्रथम केव्हा दिसली तेही लिहून द्यावे. हे लिहून देण्याचे काम आपलेच समजा. आणखी एक, पायांत रोजचीच वहाण असावी. दवाखान्यात नवी चप्पल घालून जाण्याची आपली रीत लग्नास शोभते. डॉक्टरांना मात्र झिजलेल्या तळावरून भार कोठे पडतो ते कळते. आदल्या दिवशी कुरूप ब्लेडने कापू नये. जखमेवर चुना, तंबाखू लावू नये.

तपासताना डॉक्टर तळव्यास नायलॉनचा बारीक धागा टेकवून ‘कळले का?’ असे विचारतात. आपली माणसे भिडेपोटी ‘हो’ म्हणतात. न कळल्यास तसेच सांगावे, हे त्यांना घरीच बजावून ठेवा.

मुलांविषयी थोडेसे. पाच-सहा वर्षांपर्यंतचे सपाट तळवे बहुधा स्वाभाविक असतात. परंतु मूल पाऊल फरफटू लागले, अथवा त्याच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर शाळेच्या वार्षिक आरोग्य तपासणीची वाट पाहू नये. कुष्ठरोगाची औषधे आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. मात्र हे पालकांशी एकांतात बोलावे. वर्गात त्याचा उच्चारही होऊ देऊ नये.