घरींच शाळा कां?



ज्या मनुष्यानें छत्तीस वर्षें शाळेच्या घंटेवर दिवस मोजले, त्यानेंच शाळेंत न जाणाऱ्या मुलांविषयीं बोलावें, हें आपणांस जरा विचित्र वाटेल. परंतु मध्यंतरीं मे महिन्यांत असा एक प्रसंग घडला कीं, हा विषय माझ्या मनांतून जाईना.

माझा एक जुना विद्यार्थी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्यास माझ्या घरीं आला. संवयीप्रमाणें मीं तिला विचारलें, “बाळ, कितवींत आहेस?” ती म्हणाली, “मी घरींच शिकतें, आजोबा.” खरें सांगतों, मला तें झोंबलें. तिचा बाप म्हणाला, “गुरुजी, रागावूं नका. आपल्या वर्गांत आम्ही साठ मुलें होतों. तास पस्तीस मिनिटांचा. एकेकाच्या वांट्यास किती वेळ येई, तें आपणच सांगा.” हिशेब सोपा होता: पस्तीस सेकंद, आणि तोही हजेरीचा वेळ वजा न करतां!

मुलांना घरीं शिकविणाऱ्या पालकांचीं कारणें एकसारखीं नसतात. कुणाचें मूल उशीरा वाचूं लागतें आणि वर्गांत त्याची थट्टा होते. कुणास गुणांच्या चढाओढीचा वीट आलेला असतो. कुणाचें मूल गायनांत वा खेळांत दिवसाचे कित्येक तास रमतें. परंतु या सर्वांच्या मुळाशीं मला एकच इच्छा दिसते: आपल्या मुलाच्या गतीनें कुणीतरी चालावें. वर्ग तसा चालूं शकत नाहीं, ही दर वेळीं शिक्षकाची कुचराई नसते. ती संख्येची अडचण असते. अमेरिकेंतील जॉन होल्ट हा स्वतः शिक्षकच होता. मुलें वर्गांत अपयशी कां होतात, यावर त्यानें १९६४ सालीं पुस्तक लिहिलें. आणि शाळा सुधारतील ही आशा मावळल्यावर १९७७ सालीं घरीं शिकविणाऱ्या पालकांसाठीं नियतकालिक काढलें.

आपल्याकडेही हा प्रकार अगदींच नवा नाहीं. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें आपल्या मुलीस. तीच १८५८ सालीं जन्मलेली रमाबाई. १८७८ सालीं कलकत्त्यास तिला ‘पंडिता’ म्हणून गौरविण्यांत आलें, तें या घरच्या विद्येच्या बळावर. मात्र तेव्हां मुलींना शाळाच दुर्मिळ होती. आज शाळा दारीं असून पालक ती नाकारतात, हा भेद ध्यानांत ठेवावा.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेंत घालणें हें पालकाचें कर्तव्य त्यांत सांगितलें आहे; तसें न केल्यास पालकास दंड मात्र सांगितलेला नाहीं. पुढें राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा आहे. महाराष्ट्रांत सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीस खासगी रीतीनेंही बसतां येतें.

आतां माझ्या शंका. घरीं शिकवावयाचें म्हणजे घरांत कुणीतरी मोकळें पाहिजे, आणि बहुधा ती आईच असते. तिनें सोडलेल्या नोकरीचा हिशेब कुणी मांडतो काय? ज्या घरचीं दोघेंही मजुरीस जातात, त्यांना तर शाळेवांचून आधारच नाहीं. शिवाय माझ्या वर्गांत वकिलाचा मुलगा व हमालाचा मुलगा एका बाकावर बसून डबा वांटून खात. ती ओळख कोणत्या घरांत शिकवितां येईल?

त्या दिवशीं भर दुपारीं त्या मुलीनें अंगणांत काठी रोविली आणि विचारलें, “आजोबा, सावली कुठें गेली?” पुण्यास मे महिन्याच्या मध्यास सूर्य माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो. चेंडू व मेणबत्ती घेऊन आम्ही तासभर बसलों. सूर्याचा तो धडा मीं जन्मभर शिकविला. पण एका मुलाबरोबर असा तासभर कधींच बसलों नव्हतों.

म्हणून उभय पक्षांस माझी विनंती आहे. घरीं शिकविणाऱ्यांनीं आपल्या मुलास रोज इतर मुलांत, सर्व थरांच्या मुलांत, मिसळूं द्यावें. शाळेंत पाठविणाऱ्यांनीं सायंकाळीं अर्धा तास स्वस्थ बसून त्याचे प्रश्न ऐकावे. माझ्या विद्यार्थ्यासही मीं एवढेंच सांगितलें, आणि मुलीस पुढल्या रविवारीं पुन्हां बोलाविलें. मात्र येतांना शेजारचीं दोन मुलें बरोबर आणण्याच्या अटीवर.